पंपाचं कुंकू

कुठंही काही टपकलेलं मला बघवत नसे. नळ असो, छत असो, शेजारच्या पोट्ट्याचं नाक असो, टपकताना दिसलं की मी पदर खोचून उठलेच म्हणून समजा. माझं माहेर दुर्गातलं, बोरसीचं, वडील रेल्वेत. टपकणारं घर म्हणजे आळशी बाईचं घर, असं आमची आई म्हणायची आणि नळाच्या तोटीला चिंधी बांधायची. पुढं माझ्या नवऱ्यानं ठेकेदाराकडची नोकरी सोडली, भिलाईच्या कोहक्यातल्या आमच्या घरामागं टिनाचं शेड टाकलं आणि पंपदुरुस्ती सुरू केली. त्या शेडमध्ये माझी पहिली नजर कशावर गेली असेल? दुरुस्त करून चाचणीला चालू ठेवलेल्या पंपावर. मोटरचा दांडा, शाफ्ट, गरगर फिरत होता आणि जिथून तो पंपाच्या पोटात शिरतो तिथून पाणी टप, टप, टप.

नवरा समोर गिऱ्हाइकाशी बोलत होता. मी मनात म्हटलं, बिचारा नट आवळायला विसरला.

आज साठी ओलांडल्यावर मी त्या बाईकडं वळून बघते तेव्हा पहिला प्रश्न पडतो, हिच्या हातात पाना कोणी दिला? कोणीच दिला नव्हता, तिनं उचलला. चाळिशीला टेकलेली, लेकरांची आई, पण शहाणपण असं ऊतू जायचं की आच कमी करायला कोणी धजत नसे. तिनं नट आवळले, दात-ओठ खाऊन आवळले. थेंब थांबला. ती कमरेवर हात ठेवून त्या कोरड्या पंपाकडं अशी पाहत राहिली, जशी बाई स्वतःच्या घासलेल्या भांड्यांकडं पाहते.

मग जळक्या सुतळीचा वास आला. मग धूर. मग नवरा धावत.

"काय केलं वो तू?"

"गळून राहिला होता. बंद केला."

"अवो, तो गळायलेच पायजे!"

ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शाफ्ट फिरणार, म्हणजे भोकात थोडी फट राहणार. फट राहिली की पाणी बाहेर येणार. म्हणून शाफ्टभोवती काळ्या, तेलकट दोरीचे वेढे ठासून भरतात. आमच्याकडं सगळे तिला डोरीच म्हणतात. ही डोरी फार आवळली की फिरत्या शाफ्टला घासते, तापते आणि जळते. म्हणून थोडं पाणी मुद्दाम टपकू द्यायचं, तेच तिला गार ठेवतं. इतकं करूनही डोरी शाफ्टला खातेच. नवऱ्यानं मला एक जुना शाफ्ट दाखवला. त्यावर बोटाला लागेल अशी खाच पडली होती. मऊ डोरीनं लोखंड खाल्लेलं मी पहिल्यांदा तिथं पाहिलं.

"मग गळतही नाही अन् जळतही नाही, असं काही कोणी बनवलंच नाही का?" मी विचारलं. चूक केल्यानंतर तावातावानं प्रश्न विचारायचा, ही तेव्हाची माझी पद्धत.

"बनवलं न. सील म्हणतात त्याले. आपली ताई नागपुरात तेच तर करते."

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. लग्नाच्या भानगडीत न पडलेली, नागपुरातल्या एका कारखान्यात सील घासण्यात केस पिकवलेली. नव्या सुपरवायझरशी तिचं वाजलं आणि ती चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडं आली. छत्तीसगढ नुकतंच वेगळं झालं होतं, दुकानांच्या पाट्यांवर अजून जुन्या राज्याचं नाव होतं. पाट्या बदलल्या, रंग उडून पुन्हा रंगवल्या, तरी ताईचे चार दिवस संपले नाहीत. तिच्या सामानात गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी गोल आणि भलतंच जड होतं. मला वाटलं, माझ्यासाठी मांड्यांचा तवा आणला. मी लाजून म्हटलंसुद्धा, "कायले एवढा खर्च केला, ताई?"

"हात लावू नको," ती म्हणाली. "हे माही पाटी आहे."

ती बिडाची सपाट पाटी होती आणि तिच्यासाठी तिनं मागितली ती माझी मागची खोली, जिथं माझे पापड, कुरडया, लोणच्याच्या बरण्या सुखानं नांदत होत्या. भिलाईत सकाळी वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर संध्याकाळी बोट फिरवलं तर पोलाद कारखान्याच्या काजळीनं काळं होतं. त्यात शेजारी वेल्डिंगचं दुकान. म्हणून ताईनं खिडकीच्या फटीत कापूस ठासला, दाराला आतून जाड पडदा लावला आणि फर्मान काढलं: फोडणी दिलेल्या हातांनी इकडं यायचं नाही, केस विंचरून यायचं नाही, पदर झटकायचा नाही. थोडक्यात, मी यायचं नाही.

आत काय चालतं ते मला नवऱ्यानं सांगितलं. सीलमध्ये दोन कड्या असतात. एक काळी, कार्बनची, जरा मऊ. दुसरी पांढरी, टणक. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी जागेवर बसते, आणि मागून एक स्प्रिंग त्यांना हलकेच एकमेकींवर टेकवते. त्यांची तोंडं इतकी सपाट करायची की मधून थेंब जाऊ नये. पण पाण्याची एक पातळ साय मात्र त्या दोघींच्या मध्ये राहते, डोळ्यांना न दिसणारी. त्या सायीवर त्या तरंगतात. म्हणून घासणं कमी, झिजणं कमी, आणि शाफ्टला तर काही शिवतच नाही.

झालं. थेंब न गळणारा पंप! मला ती खोली हवी होती. पापडांसाठी नव्हे, त्या कामासाठी. दाराखालून पिवळा उजेड यायचा आणि आतून बारीक खसखस आवाज यायचा, आणि मी पलीकडं तूर निवडत बसलेली. माझी लेकरं शाळेत, नवरा शेडमध्ये, नणंद खोलीत. सगळ्या घराला काम होतं आणि मला फक्त घरकाम.

"ताई, मले शिकवा न."

"तुले? तू तर नट आवळून पंप पेटवला म्हणते."

"ते डोरीचं होतं. घासणं मले येते. पाट्यावर माझ्यासारखी चटणी कोहक्यात कोणी वाटत नाही."

ताईनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. तिचा चष्मा तेव्हा फारच जाड झाला होता. "ये मंग, चटणीबाई," ती म्हणाली. "दाखव."

मी पदर कमरेला घट्ट खोचला, बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या, आणि त्या पाटीवर घासायची पातळ पेस्ट टाकून कार्बनची कडी दोन्ही हातांनी अशी रेटली, पुढं-मागं, पुढं-मागं, सगळं अंग लावून, जशी खोबऱ्याची चटणी वाटतात. घाम आला. मी खूष. ताईनं कडी पुसली, पिवळ्या दिव्याखाली ठेवली, वर जाड काचेची चकती ठेवली आणि म्हणाली, "बघ."

काचेतून कडीवर काळ्या बारीक रेघा दिसत होत्या. सगळ्या वाकड्या, धनुष्यासारख्या.

"छान नक्षी आली!" मी म्हणाले. देवाशपथ, असंच म्हणाले.

ताई इतकी हसली की तिला खोकला लागला. "नक्षी नाही वो बाई. सपाट असलं की रेघा सरळ दिसतात. तू कडीची पुरी केली. टम्म फुगली. पाट्यावर आपण पुढच्या टोकाले दाबतो न, इथं दाबलं की कडा जातात अन् मधात फुगते. तुह्या वजनाचं काही काम नाही. कडीचं वजन तिले पुरते."

"दाबायचं नाही तर मग घासायचं कसं?"

"आठ काढत जा. इंग्रजी आठ. अन् अधूनमधून कडी थोडी फिरव. सगळीकडून सारखी गेली पायजे. अन् तोंड बंद ठेव, थुंकी उडते."

ही शेवटची अट सगळ्यात अवघड होती.

त्या हिवाळ्यात मी आठ काढायला शिकले. पाटीवर, परातीत, गादीवर. नवऱ्याच्या पाठीला तेल लावतानाही हात आठ काढायचा. तो पालथा पडल्या पडल्या म्हणायचा, "मले सपाट करून राहिली का तू?" मी म्हणायची, "तुम्ही मधात फुगले आहात." ते खरंही होतं. माझ्या कड्या मात्र आधी पुऱ्या झाल्या, मग वाट्या झाल्या, कारण पुरी होऊ नये म्हणून मी भीतभीत मध्येच जास्त घासलं. वाकड्या रेघा दिसल्या की ताई एकेक नाव ठेवायची. ही इडली. हे कढईचं बूड. हे तुह्या सासऱ्याचं टक्कल. हसायचं की रडायचं ते मला कळायचं नाही, पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पडद्याआड हजर. कामं मिळायची ती सगळी ताईच्या हातची जायची. माझ्या कड्या डब्यात.

मग तो राईस मिलवाला आला. दुर्गाच्या बाहेर त्याची उसना, म्हणजे उकड्या तांदळाची मिल. उसन्याचं धान गरम पाण्यात भिजवतात, ते गरम पाणी फिरवणारा पंप त्याला छळत होता.

"भैया, डोरी डालो तो जलती है, ढीली करो तो नदी बहती है, और शाफ्ट तो साला दीमक खा गई जैसा," तो नवऱ्याला म्हणाला. "आपका सील एक बार लगा के दिखाओ. टिक गया तो सारे पंप आपके. एक बूँद भी चुई, तो वापस डोरी."

नवरा म्हणाला, लावून देतो. ताई म्हणाली, मी तर चालली. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, नागपुरात ऑपरेशनचा दिवस ठरला होता. रेघा तिला आताशा धुरकट दिसायच्या. ते ती कोणाला सांगत नव्हती, पण काच फार जवळ धरायची. मिलवाला थांबायला तयार नव्हता. धान येऊन पडलं होतं.

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी, मेली, छताकडं पाहत होते, जसं काही मला यात रसच नाही.

"ऐक," ताई म्हणाली. "ही जोडी तू घासशील. मी डोळा करून येईन, त्या दिवशीच लावा. मी स्टेशनवरून थेट मिलमध्ये येईन अन् पंपाखाली हात फिरवीन. हात कोरडा आला, तर पाटी तुही, खोली तुही, तू घासशील ते काम माह्या कामासारखं जाईल. ओला आला, तर तू आपले पापड लाट. मंग पुन्हा मले शिकवा म्हणून माह्या मागं लागायचं नाही."

"मंजूर," मी म्हणाले. अशा वेळी विचार करून बोलणारी बाई वेगळी असते.

ती गेली आणि मी खोलीत एकटी. मी आंघोळ करून, डोक्याला रुमाल बांधून बसायची. स्वयंपाक आधी उरकायचा, फोडणीचा वास अंगाला नको. शेजारीण हळदीकुंकवाला बोलवायला आली तर मी तोंडावर बोट ठेवून तिला परत पाठवली. तिला वाटलं, मी मौनव्रत धरलं. कोहकाभर झालं, वहिनी देवाला लागल्या. आठ, आठ, कडी फिरव, पुन्हा आठ. पुसायची, काच ठेवायची, बघायची. शेवटी एका दुपारी रेघा सरळ आल्या. नव्या धोतराच्या काठासारख्या, एकीला लागून एक, सारख्या अंतरानं. मी काच उचलली, पुन्हा ठेवली. तरी सरळ. मग पांढऱ्या कडीच्या. त्याही सरळ. नवऱ्याला हाक मारली. तो आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बापा!" माझ्या नवऱ्याच्या तोंडून याहून मोठं भाषण मी कधी ऐकलं नाही.

लावायच्या दिवशी सकाळी मी पैठणीच नेसणार होते, नवऱ्यानं अडवलं. कड्या मऊ कापडात, कापड डब्यात, डबा मांडीवर, मी स्कूटरवर. मिलमध्ये पोचलो तर तिथं मिलवाल्याची म्हातारी आई आरतीचं ताट घेऊन उभी. नारळ, अगरबत्ती, अक्षता, कुंकवाचा करंडा. आपल्याकडं घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लावल्याशिवाय चालू करत नाहीत. शिलाई मशीन, फ्रिज, मिक्सर, सगळ्यांना लावलेलं. नव्या स्कूटरच्या हेडलाइटला मी असं ठसठशीत कुंकू लावलं होतं की पहिल्या पावसात ती जखमी दिसली.

नवरा पंपाच्या मागं उकिडवा बसून बोल्ट सैल करत होता. त्यानं मागं न बघता हात पसरला. "दे काळी."

मी कापड उघडलं. ती कडी अशी चमकत होती की तिच्यात माझ्या नाकातली चमकी दिसत होती. माझ्या हातची पहिली. माझा ऊर भरून आला. आता, कडीच्या तोंडाला उघडं बोटसुद्धा लावायचं नाही हे मला पाठ होतं. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. धूळ नको, घाम नको, तेल नको. पण कुंकू? कुंकू म्हणजे धूळ, हे त्या बाईच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. ते कुंकू होतं! मी म्हातारीच्या करंड्यात बोट बुडवलं, तुपाच्या निरांजनात जरा ओलं केलं, आणि त्या आरशासारख्या तोंडावर सगळ्यांदेखत एक सुंदर टिकली लावली. म्हातारीनं अक्षता टाकल्या, त्या मात्र मी झटकल्या. एवढी अक्कल होती. मग कडी नवऱ्याच्या हातात दिली. त्यानं तशीच, न बघता, शाफ्टवर सरकवली.

झाकण बसलं. नारळ फुटला. मिलवाल्यानं बटन दाबलं.

एक क्षण काहीच नाही. मग पंपाखाली एक थेंब. मग दुसरा. मग धारच लागली, आणि ती धार गुलाबी होती.

"ए दाई," म्हातारी गालाला हात लावून म्हणाली, "ये तो लाल-लाल चुहत हे!"

"दीदी," मिलवाला म्हणाला, "डोरी में पानी रोता था. आपका सील तो खून के आँसू रो रहा है."

मिलमधली सगळी माणसं जमा झाली. नवऱ्यानं बटन बंद केलं, खाली वाकला, बोटावर गुलाबी पाणी घेतलं, हुंगलं. मग तो हळूहळू माझ्याकडं वळला. माझ्या बोटाकडं पाहिलं, ते अजून लाल होतं. मग माझ्या कपाळाकडं. मग पंपाकडं.

"तू त्यालेही लावलं?"

"सगळ्यांसमोर लावलं," मी म्हणाले. जसं काही त्यानं गुन्हा कमी होतो.

त्यानं पुन्हा झाकण उघडलं. कुंकवाचे खडे तुपात भिजून दोन्ही कड्यांच्या मध्ये दळले गेले होते. कार्बनच्या तोंडावर गोल गोल ओरखडे, रेकॉर्डच्या तबकडीसारखे. पांढरी कडी टणक, तिला काही झालं नव्हतं. ताई दुपारच्या गाडीनं येणार होती.

मिलवाल्यानं घड्याळाकडं पाहिलं. "शाम को धान भिगोना है. तब तक हो गया तो ठीक. नहीं तो मैं डोरी मँगाता हूँ."

"हो जाएगा," मी म्हणाले. नवरा काही म्हणायच्या आत.

स्कूटर त्या दिवशी जशी पळाली तशी पुन्हा कधी पळाली नाही. घरी येऊन मी हात घासले, कोपरापर्यंत, नखांतून, कपाळावरचं कुंकूही पुसून डोक्याला रुमाल बांधला. पाटी पुसली, पेस्ट टाकली, कडी ठेवली. आणि खरी परीक्षा तिथं सुरू झाली, कारण मला घाई होती. ओरखडे जायला हवे होते आणि ताईची गाडी रुळावर होती. घाई झाली की माझा हात पाट्याकडं धावायचा, रेटू बघायचा. रेटलं असतं तर ओरखडे पटकन गेले असते आणि पुन्हा पुरी झाली असती. मी हाताला म्हटलं, गुमान चाल, पाहुण्याच्या घरी आला आहेस असं समज, कोणाला दाबू नको. आठ. फिरव. आठ. बाहेर नवरा स्कूटरवर बसून किक मारायची आणि बंद करायची, एवढंच करत होता.

"झालं का?"

मी उत्तर दिलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच.

काच ठेवली तेव्हा ओरखडे गेले होते, पण रेघा जरा वाकलेल्या. अगदी जरा. कोणाला दिसलं असतं? ताई आज डोळ्याला पट्टी बांधून येणार. मिलवाल्याला रेघ कशाशी खातात माहीत नाही. मी कडी कापडात गुंडाळली. मग पुन्हा सोडली. पंपाला दिसलं असतं. मी पुन्हा बसले आणि तो जरासा वाक निघेपर्यंत उठले नाही. नवऱ्यानं तोवर किक मारून मारून कार्ब्युरेटर ओला करून टाकला आणि स्कूटर चालूच होईना. आम्ही मिलमध्ये पोचलो ते शेजारच्या वेल्डरच्या टेम्पोतून, गॅसच्या सिलिंडरांमध्ये बसून.

या वेळी नवऱ्यानं कडी हातात घेतली, चष्मा लावला, उजेडाकडं धरली, उलटी केली, सुलटी केली. म्हातारीचं ताट माझ्यापासून लांब, धानाच्या पोत्यावर ठेवलं. मग बसवली. बटन दाबलं.

पंप चालू झाला. आम्ही सगळे त्याच्या बुडाकडं बघत उभे. मिलवाला गुडघ्यावर बसला. पाणी नाही. आणखी बघितलं. पाणी नाही. शाफ्ट गरगर फिरतो आहे, गरम पाणी आतून धो धो जातं आहे, आणि जिथं वर्षानुवर्षं टपकत आलं तिथं काहीसुद्धा नाही. डोरी जळल्याचा वास नाही, धूर नाही, नुसती मोटरची गुणगुण. मी श्वास सोडणार, तेवढ्यात फाटकात ऑटो थांबला.

ताई उतरली. एका डोळ्यावर पट्टी, त्यावर काळा चष्मा, हातात पिशवी. कोणाला रामराम नाही, नमस्कार नाही. "कुठी आहे?" म्हणाली, सरळ पंपापाशी आली, भिंतीला धरून बसली आणि पंपाखाली हात घातला. सगळीकडून फिरवला. मागून, पुढून, बोटं कोपऱ्यात खुपसून. मग हात बाहेर काढला आणि पट्टी नसलेल्या डोळ्यासमोर धरला.

हात कोरडा होता. आणि लालभडक होता. सकाळचं गुलाबी पाणी पंपाच्या गरम बैठकीवर वाळून त्याचं कुंकू झालं होतं, आणि ते पुसायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"हे काय वो?" ताई म्हणाली. "माह्या डोळ्याचं रक्त आलं का?"

मी तोंड उघडायच्या आत म्हातारीनं सगळं सांगून टाकलं. हातवारे करून, छत्तीसगढीत, मी टिकली कशी लावली, ती कशी लाल-लाल चुहली, माझा नवरा माझ्या कपाळाकडं कसा बघत राहिला. मिलवाला हसून हसून पोत्यावर बसला. मी ओचा सावरत उभी, जणू दुसऱ्याच कुठल्या बाईची गोष्ट चालू आहे. खोली गेली, मनात म्हटलं. पापड आले.

ताई हसली नाही. तळहात उलटा-सुलटा करत तिनं विचारलं, "मंग पुन्हा घासली?"

"घासली."

"कोणी?"

"मी."

"रेघा?"

"सरळ."

"दाबलं का?"

"नाही. लय मन झालं होतं."

तिनं पुन्हा हात आत घातला. मला वाटलं, आता काहीतरी ओलं सापडणारच. बराच वेळ तो हात तिथंच होता. मग ती नवऱ्याचा खांदा धरून उठली आणि आपला लाल पंजा माझ्या चांगल्या पातळाच्या पदराला खुशाल पुसला.

"अट कोरड्याची होती," ती म्हणाली. "रंगाची नव्हती."

"ताई, पण पहिल्यांदा तर गळला न," नवरा म्हणाला. माझा नवरा फार न्यायी माणूस, नको तेव्हा.

"पहिल्यांदा मी इथं होती का? मी येईन तवा हात फिरवीन, असं म्हटलं होतं. मी आली, फिरवला. तू मधात नको बोलू."

मिलवाल्यानं त्याच संध्याकाळी धान भिजायला टाकलं. पुढं त्याचे बाकीचे पंपही आमच्याकडं आले, टेम्पोत घालून, आणि प्रत्येक वेळी निरोप एकच यायचा: "सील दीदी बनाएँगी, पूजा हम कर लेंगे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटीसमोर बसले, मालकिणीसारखी. ताईचा स्टूल मी दाराबाहेर ठेवला होता, डोळ्याला आराम पडावा म्हणून. तिनं तो उचलून आत आणला आणि माझ्या कोपराला लावून ठेवला.

"मले अजून धुरकट दिसते," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. "तू सांग. रेघा कशा आहेत?"

मी घासलेल्या कडीवर काच ठेवली. "सरळ."

"इतक्या लवकर? खोटं बोलून राहिली."

"तुम्हाले दिसते का?"

"दिसत असतं तर विचारलं असतं का? पुन्हा बघ. डाव्या कडेले बघ. तू डावीकडं नेहमी दाबते."

मी डाव्या कडेला बघितलं. रेघ वाकली होती. अगदी जरा.

मी काच उचलली, कडी पाटीवर ठेवली आणि आठ काढायला लागले. ताईनं डोळा मिटून कान पाटीकडं केला आणि म्हणाली, "हं. आता बरोबर वाजते."